सोनिवलीच्या छपरांना रंग कोणी फासला

बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या स्कीममधल्या मागच्या रांगेच्या बंगल्यांवरचे काळे डाग बिल्डरने रंग फासून झाकले, छप्पर कोरं करकरीत आहे असं सांगून ते बंगले विकले, आणि छपरं गळायला लागल्यावर बोट माझ्याकडे केलं. फसवलं त्याने. फसली घरं घेणारी माणसं. नाव गेलं माझं. हे अगदी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण दिवाळी अंकातला लेख लोक पाहुणे येईपर्यंतच वाचतात.

बिल्डरचं नाव छापता येणार नाही, असं संपादकांनी बजावलंय. ठीक आहे. माझं छापा. दत्ता भोईर, राहणार अंबरनाथ, धंदा छपरांचा. उल्हासनगरच्या कारखान्यांवर सिमेंटचे पत्रे चढवण्यापासून सुरुवात केली आणि बदलापूर-वांगणीकडे फार्महाऊसं उठायला लागली तेव्हा शिंगलच्या कामात शिरलो. शिकवायला कोणी नव्हतं. खोक्यावरची चित्रं बघून शिकलो आणि भांडून भांडून भाव मिळवला. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या हातचं छप्पर गळलं, असं म्हणणारा अंबरनाथ, बदलापूर, वांगणी या तिन्ही गावांत आजवर कोणी नव्हता. आमच्या धंद्यात जाहिरात नसते. एकाच्या बंगल्यावर चढलो की शेजारचा खालून विचारतो, "कोण हो हा?" तेवढ्यावरच पुढचं काम मिळतं. म्हणून हा लेख.

आधी शिंगल म्हणजे काय ते सांगतो, कारण शिंगलखाली राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. लांबून कौलांसारखं दिसतं. जवळून बघितलंत तर जाड, वाकणाऱ्या पट्ट्या असतात. आत काचेच्या धाग्यांची जाळी, तिला दोन्ही बाजूंनी डांबराचा लेप आणि वर रंगीत दगडाचे बारीक दाणे. हे दाणे शोभेसाठी असतात असं लोकांना वाटतं. खरं तर ते डांबराला उन्हापासून वाचवतात. दाणे झडले की डांबर उघडं पडतं, वाळतं, तडकतं. खाली प्लाय असतो, त्यावर या पट्ट्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक ठोकतात. पाणी वरच्या पट्टीवरून खालच्या पट्टीवर उतरत जातं. वाऱ्याने चार थेंब आत ढकलले तरी ते त्याच फटीतून परत बाहेर येतात. पट्ट्यांमधल्या या फटी म्हणजे छपराचं नाक. त्या बुजवल्या तर छप्पर गुदमरतं. माझं सगळं भांडण या फटींवरून आहे.

आता डागांकडे येऊ. छपरावरचे डाग बघून निदान करणं हा माझा अर्धा धंदा. लोकांना वाटतं डाग म्हणजे गळती. तसं नाही. डाग अनेक जातींचे असतात आणि त्यातले बरेचसे नुसते दिसायला वाईट असतात.

नारिंगी ओघळ दिसला की वर जाऊन लोखंड शोधायचं. टीव्हीच्या छत्रीचा नट, नाहीतर सोलरवाल्याने मला न विचारता ठोकलेला बोल्ट, नक्की सापडतो. पांढरा ओघळ दिसला की गवंडी शोधायचा. आपल्याकडचे गवंडी कौलांवर वाढलेले. कौलांचा कोना, म्हणजे दोन उतार मिळतात ती माथ्याची कड, सिमेंटने भरायचा असतो, म्हणून शिंगलचा कोना दिसला तरी त्यांचा हात थापीकडे जातो. मी दोन दिवस खपून कोन्यावर शिंगलच्याच टोप्या बसवाव्यात आणि तिसऱ्या दिवशी गवंड्याने प्रेमाने त्यावर सिमेंट थापावं, असं कितीदा झालंय. पावसात त्यातला चुना उतरतो आणि छप्पर कावळ्यांनी घाण केल्यासारखं दिसतं. बदलापूरला एकाला मी वरूनच ओरडून विचारलं, "कोणी सांगितलं रे?" तो म्हणाला, "सांगायला कशाला पाहिजे शेठ, कोना उघडा राहिला होता." टोप्या त्याला दिसल्याच नव्हत्या. त्याच्या लेखी जिथे सिमेंट नाही ती जागा उघडीच.

कधी डाग नसतोच, रंगच दोन असतात. निम्मं छप्पर तपकिरी, निम्मं थोडं लालसर. हे बंडलांमुळे होतं. एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून शहाण्या माणसाने एकाच लॉटचा माल घ्यावा, आणि तरीही चार-पाच बंडलं एकदम फोडून पट्ट्या मिसळून लावाव्यात. माझा माल उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या टेकचंदशेठकडून येतो. त्यांच्याशी माझी वर्षानुवर्षं एकच जुगलबंदी.

"भोईर, एकही लॉट है साईं, आँख बंद करके ले जाओ."

"शेठ, डोळे मिटून तुमच्याकडून माल नेला असता, तर आज मी पत्रेच चढवत असतो. सगळी बंडलं बाहेर काढा."

"इतना शक? अपनी बीवी पे भी करता है क्या?"

"ती बंडलं विकत नाही."

मग बंडलं बाहेर येतात, उन्हात मांडली जातात, दोन परत आत जातात. चहा येतो. टेकचंदशेठ शिव्या सिंधीत देतात, भाव हिंदीत सांगतात आणि शेवटचं "बरं, घेऊन जा" मात्र मराठीत म्हणतात.

वांगणीच्या एका फार्महाऊसची गंमत सांगतो. मालक पार्ल्याचे. महिन्यातून एकदा येणार, कोंबडी शिजवणार, जाणार. पहिल्या पावसानंतर त्यांचा फोन. "भोईर, छपरावर रक्त आहे." मी म्हटलं, मांजराने उंदीर मारला असेल. "नाही हो, ओघळ आहेत. भिंतीवर उतरलेत. मिसेस आत यायला तयार नाही." मी जाऊन बघतो तो खरंच तांबडे ओघळ, आणि ते दोघं गाडीत काचा वर करून बसलेले. कोणीतरी करणी केलीय, इथपर्यंत बोलणं गेलं होतं. राखणदाराची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मी कवापासून सांगते यांना, ऐकंनात. अवो, सागाचा पाला हाय तो." घरामागे सागाची मोठी झाडं होती. उन्हाळाभर पानं छपरावर पडून साचली, पाऊस पडला, रंग उतरला. तिने एक कोवळं पान तोडलं, तळहातावर चोळलं आणि गाडीच्या काचेला लाल हात लावून दाखवला. आतल्या बाई किंचाळल्या. मी आणि ती इतके हसलो की मालक आमच्यावरच चिडले. पाला झाडला, पाण्याने धुतलं, दोन-तीन पावसांत उरलासुरला रंग गेला. तरी त्यांनी नंतर नारळ फोडलाच म्हणे. फोडा. नारळाने छपराला काही होत नाही.

आणि आता काळा डाग. हा सगळ्यांत बदनाम. छपराच्या उतारावर वरून खाली काळे पट्टे, कोणी शाई ओतल्यासारखे. अंबरनाथला लोक बघताक्षणी सांगतात, कंपन्यांचा धूर. आमच्या वडवली भागातल्या पाटणकर काकांनी तर धुराविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि त्यांच्याच छपरातून वर आलेला जस्ताच्या पत्र्याचा पाइप दाखवला. आजूबाजूला सगळं काळं आणि पाइपाच्या बरोबर खाली एक स्वच्छ पट्टा. कारण हा डाग जिवंत असतो. शेवाळाच्या जातीचं काहीतरी असतं ते. शिंगलच्या डांबरात चुनखडीची पूड मिसळलेली असते, त्यावर ते पोसतं. ओल आणि सावली मिळाली की पसरतं. ऊन सोसवत नाही म्हणून अंगावर काळं पांघरूण घेतं. ते पांघरूण आपल्याला डाग म्हणून दिसतं. जस्त किंवा तांबं यावरून उतरलेलं पाणी मात्र त्याला मानवत नाही, म्हणून पाइपाखाली ते मरतं. धूर असता तर तो पट्टा सोडून बसला असता का?

काका म्हणाले, "पाइप आडवा येत असेल धुराला."

मी म्हटलं, "काका, धूर वरून येतो. पट्टा खाली आहे."

"तुम्हाला कंपनीवाल्यांनी काही दिलं का हो भोईर?"

मी हात टेकले. धूर तर धूर. छप्पर धुऊन दिलं. अजूनही ते शेजाऱ्यांना सांगतात, भोईर धुराचा डाग उत्तम काढतो. पण काका मला आवडतात. ते चुकीचं बोलतात, पण स्वतःच्या तोंडाने, समोर उभं राहून बोलतात.

या काळ्या डागाने छप्पर गळत नाही. वर्षानुवर्षं गळत नाही. काढायचं असेल तर पातळ केलेलं ब्लीचिंगचं पाणी हलक्या हाताने शिंपडायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, साध्या नळीने धुवायचं. झाडांना आधी पाणी मारून ठेवायचं, नाहीतर मालकिणीचा मोगरा जळतो. जोराच्या पंपाने धुतलंत तर डागाबरोबर दाणेही जातात. ॲसिड तर नकोच. आणि थांबायचं. मेलेलं शेवाळ लगेच जात नाही, पुढचे पाऊस ते घेऊन जातात. पण थांबायला कोणी तयार नसतं. सगळ्यांना छप्पर कायम ब्रोशरमधल्यासारखं हवं. मला या धंद्यात एकच खंत आहे. आपल्याकडे जुनं झालेलं छप्पर म्हणजे लाज वाटते लोकांना. मला नाही वाटत. पिकलेल्या केसांच्या माणसासारखं ते मला शहाणं दिसतं.

आता सोनिवली. तिथे काम घेतलं तेव्हाच मी बिल्डरला सांगितलं होतं की मागची रांग डोंगराच्या सावलीत आहे, झाडं जवळ आहेत, इथे काळं येणार. कोन्याखाली तांब्याची पट्टी टाकू, पावसाबरोबर तिचा अंश खाली उतरत राहील, छप्पर स्वच्छ राहील. तो हसला. "भोईर, मी देऊळ बांधतोय का? तांबं घालतोय म्हणे. चोरून भंगारात विकतील." मी म्हटलं, तांबं नको तर जस्त घ्या. तेही नको. बरं, त्याचं घर, त्याची मर्जी. मी छपरं केली. पैसे पूर्ण मिळाले, तेव्हा हे पैशाचं भांडण नाही, हे इथेच सांगतो.

पुढची रांग विकली गेली. मागची पडून राहिली. काही पावसाळे गेले आणि मी म्हटलं होतं तसं मागच्या रांगेवर काळे ओघळ उतरले. मग बिल्डरने मला बोलावलं. सोबत त्याचा साइट मॅनेजर होता, गोरापान, सतत मोबाइलकडे बघणारा.

"हे काय भोईर? घाणेरडं दिसतंय."

"दिसतंय. झालेलं काही नाही. धुऊन देतो. पण पूर्ण उजळायला एक पावसाळा जाईल."

"शनिवार-रविवार गिऱ्हाइकं येतात. पावसाळा कुठला? रंग मारून टाक. विटकरी."

मी त्याला फटींचं सगळं समजावलं. रंग मारला की पट्ट्या एकमेकींना चिकटणार. आत गेलेलं पाणी बाहेर येणार नाही. खालचा प्लाय कुजेल. रंग वाळताना आक्रसेल आणि शिंगलच्या कडा वर ओढेल. सोलला की दाणे घेऊन जाईल. त्याचं एकच. "गच्चीला मारतात तो वॉटरप्रूफ रंग आहे. वॉटरप्रूफ! उलट अजून भारी होईल."

"अहो, पाणी आत येऊ न देणारा रंग पाणी बाहेरही जाऊ देत नाही."

"तुला जमत नसेल तर तसं सांग."

इथे माझा आवाज चढला. मी म्हणालो, "मला जमत नाही असं नाही. मी करणार नाही. आणि माझ्या कामावर दुसऱ्या कोणी रंग मारला तर त्या क्षणापासून ते छप्पर माझं नाही." मॅनेजरने मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाला, "काका, एवढं इमोशनल काय होताय, छप्परच आहे." त्याला मी काय म्हणालो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

त्यानंतर तिकडे फिरकलो नाही. रंग मारला गेला, बंगले विकले गेले, हे मला कळलं ते पुढच्या पावसाळ्यात, कांबळे सिस्टरांच्या फोनवरून.

कांबळे सिस्टर म्हणजे आयुष्य सरकारी इस्पितळात काढलेल्या परिचारिका. निवृत्तीनंतर उल्हासनगरची चाळ सोडून सोनिवलीला मागच्या रांगेतला बंगला घेतला. शनिवार-रविवारसाठी नाही, राहायला. हे एकच घर आहे त्यांना. फोनवर नमस्कार नाही, काही नाही. "तुम्हीच का ते भोईर? माझ्या पलंगावर पाणी पडतंय. बिल्डरची कंपनी म्हणते छप्पर तुमचं, तुम्हालाच विचारा. या आणि बघा, नाहीतर मी तुमच्या घरी येऊन बसते."

मी गेलो. गेटापाशीच पाच-सात घरमालक जमलेले. "हाच तो." "नवीन म्हणून जुना माल लावला." "बदलापुरात याला कोणी काम देऊ नका." त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरत होता, कुठल्याशा लग्नातला, फेट्यातला. मी शिडी लावली आणि सिस्टरांच्या छपरावर चढलो. पाय ठेवला तिथे प्लाय दबला. विटकरी रंगाच्या मोठमोठ्या खपल्या सुटलेल्या, कडा वर आलेल्या. एक खपली उचलली. उलटी केली तर तिला माझे सगळे दाणे चिकटलेले. खाली शिंगल नागडं, काळं.  

खाली येऊन ती खपली मी सिस्टरांच्या हातात ठेवली. "बघा. वरून विटकरी आहे तो रंग. खालचे तपकिरी दाणे माझे. मी तपकिरी छप्पर केलं होतं. तुम्हाला विटकरी कोणी विकलं?"

त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. खपलीच्या आतल्या बाजूला ओल होती, ती बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "म्हणजे ओली जखम साफ न करता वरून पट्टी बांधली. आत पू होणारच."

"बरोबर."

"पट्टी कोणी बांधली?"

मी मॅनेजरकडे बोट केलं. तो तोपर्यंत आला होता. तो म्हणाला, "मॅडम, तो रूटीन मेंटेनन्स होता. पेंटिंग वगैरे. मूळ काम यांचंच आहे."

सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीच मला बंगला दाखवायला आणलं होतं. याच जागेवर उभे होता. मी विचारलं, छप्पर कधीचं आहे? तुम्ही म्हणालात, आत्ताचं, अजून रंगाचा वास येतोय बघा. मला वाटलं नव्या घराचा वास. तेव्हा मेंटेनन्स म्हणाला नाहीत."

कोणी हसलं. मॅनेजर म्हणाला, वरिष्ठांशी बोलून कळवतो. वरिष्ठांनी अजून कळवलेलं नाही. माझा फोटो ग्रुपवरून काढला, पण तोवर तो तिन्ही गावांत पोचला होता. ठरलेली दोन कामं गेली. एकाने तर सरळ सांगितलं, "भोईर, तुमचं खरं असेल हो, पण बायको नको म्हणते."

टेकचंदशेठांनी मला दुकानात बसवून समजावलं. "साईं, धंदा है. बडे आदमी से पंगा नहीं. चुप रहो, साल भर में सब भूल जाएंगे." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला बिस्कीट देऊ केलं, यावरून प्रकरण किती गंभीर ते मी ओळखलं. मी म्हटलं, "शेठ, लोक विसरतील. पण काय विसरतील? रंग विसरतील आणि नाव लक्षात ठेवतील."  दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळ माल तपकिरी होता असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. मागितलं नव्हतं मी.

काही जण म्हणतात, सिस्टरांचं छप्पर तूच बदलून दे, विषय संपेल. अवश्य देईन. मजुरीही घेणार नाही, हे त्यांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "खबरदार. तुम्ही फुकट केलंत तर तो म्हणेल चूक तुमचीच होती." बाईंना धंदा कळतो. त्या पलंग हलवून, बादली ठेवून, त्याच घरात राहतायत आणि दर सोमवारी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसतात. डबा घेऊन जातात. मीही जातो. आम्हाला सोफ्यावर बसवतात, पाणी देतात, साहेब साइटवर आहेत म्हणतात. कुठल्या साइटवर ते सांगत नाहीत. सोनिवलीला तर ते येत नाहीत.

म्हणून इथे विचारतो, कारण हा अंक त्यांच्याही ऑफिसात येतो, जाहिरात आहे त्यांची. साहेब, मी नाही म्हटल्यावरही रंग मारायचा हुकूम कोणी दिला? रंगवलेलं छप्पर नवीन म्हणून विकायचं कोणी ठरवलं? आणि या बाईंना माझं नाव कोणी सांगितलं? तुम्ही की त्या मॅनेजरने? मॅनेजरच्या मागे लपू नका. वकिलाचं पत्रही पाठवू नका, मला वाचायचा कंटाळा आहे. तुम्ही स्वतः सोनिवलीला या. दिवसा या, सगळे घरमालक खाली उभे असताना या. मागच्या रांगेतल्या कुठल्याही बंगल्यावर चढा, कोन्यापर्यंत चालत जा आणि तिथून ओरडून सांगा की हे छप्पर चांगलं आहे.

शिडी मी धरतो. प्लाय तुम्हाला धरेल का, ते तुम्ही बघा.